सी मधल्या जुन्या लायब्ररीत रस्टचा डीकोडर घ्यावा का? पुल रिक्वेस्ट आलीय, अनुभवी लोकांचा सल्ला हवा

हेडरफाइल

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी एका मुक्तस्रोत लायब्ररीच्या मेंटेनरांपैकी (कोड सांभाळणाऱ्यांपैकी) एक आहे. लायब्ररी संपूर्ण सी मध्ये आहे, साधारण दीड लाख ओळींची. वेगवेगळ्या उपकरणांतून येणाऱ्या शास्त्रीय चित्रांच्या फाइली वाचायच्या आणि त्यांतले पिक्सेल व मोजमापं काढून द्यायची, एवढंच तिचं काम. वीसेक फॉरमॅट आहेत, प्रत्येकाचा डीकोडर (ती फाइल उलगडून वाचणारा कोड) वेगळा. त्यांतले बरेचसे ज्यांनी लिहिले ती माणसं आता प्रकल्पात नाहीत. आम्ही चौघं मेंटेनर, सगळे नोकरी सांभाळून हे करतो.

फझर (मुद्दाम बिघडवलेल्या फाइली देऊन कोड तपासणारं साधन) सतत चालू असतो. त्याने दाखवलेले गंभीर दोष बहुतेक एकाच जातीचे असतात: हेडरमध्ये लांबी एक लिहिलेली, प्रत्यक्षात डेटा वेगळाच, आणि आमचा कोड बफरच्या (डेटासाठी राखलेल्या मेमरीच्या) पलीकडे जाऊन वाचतो किंवा लिहितो. एका डीकोडरमध्ये तर एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं सापडतं.

आता एका नियमित योगदान देणाऱ्याने तोच डीकोडर पूर्णपणे रस्टमध्ये (अशा मेमरीच्या चुका होऊ न देणारी भाषा) लिहून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकलीय. काम चांगलं दिसतंय. सगळ्या चाचण्या पास होतात, वेग जवळपास तेवढाच आहे. पण आम्हा चौघांत रस्ट नीट येणारा एकच. दुसरा शिकायला तयार आहे. तिसऱ्याने स्पष्ट सांगितलंय की दुसरी भाषा येणार असेल तर तो बाजूला होईल. मला रस्ट वाचता येतं, पण दुसऱ्याच्या कोडला मंजुरी देण्याइतकं नाही.

रस्ट चांगली की सी चांगली यावर वाद नको, तो इतरत्र भरपूर झालाय. मर्ज केल्यानंतरच्या (मुख्य कोडमध्ये घेतल्यानंतरच्या) वर्षा-दोन वर्षांत काय काय निस्तरावं लागतं, ते ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. आणि नाही म्हणायचं असेल तर कोणत्या कारणाने म्हणावं, तेही.

पॅचवाचक

आमच्या प्रकल्पात (सी मधली नेटवर्क प्रोटोकॉलची लायब्ररी) रस्टचा भाग येऊन आता बराच काळ झाला, आणि दोन्ही बाजूंच्या सांध्यावर येणारे पॅच (कोडमधले बदल) मीच तपासतो. त्यामुळे लांब लिहितोय.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे रस्ट नीट येणारा एकच माणूस. बिल्ड, चाचण्या, वेग, हे सगळं सुटतं. घोडं पेंड खातं ते इथेच. तो माणूस उद्या दुसऱ्या कामात अडकला, तर तुमच्याकडे असा कोड उरतो जो सुरक्षित आहे पण ज्याला हात लावायला कुणी धजत नाही. तुमचे जुने डीकोडरही असेच अनाथ आहेत ना? फरक इतकाच की त्यांची भाषा निदान चौघांनाही येते.

कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचं उदाहरण नीट पाहा. एचटीटीपीचं काम हायपर या रस्टमधल्या लायब्ररीकडून करून घेण्याचा पर्याय कर्लमध्ये काही वर्षं प्रायोगिक म्हणून होता. बहुतेक चाचण्या पासही होत होत्या. तरी डिसेंबर २०२४ मध्ये तो काढायचं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ८.१२.० आवृत्तीतून तो गेला. कर्लचे मूळ लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांनी दिलेलं कारण मला फार शिकवणारं वाटतं: वापरणाऱ्यांकडून मागणी नव्हती, आणि सी व रस्ट दोन्ही कळणारे, शेवटची थोडी कसर भरून काढतील असे लोक मिळत नव्हते. त्याच कर्लमध्ये टीएलएससाठी (जोडणी कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) रस्टएलएस ही रस्टमधली लायब्ररी वापरण्याचा पर्याय मात्र टिकून आहे. माझ्या मते याचं कारण कर्लच्या रचनेत आहे. टीएलएससाठी वेगवेगळ्या लायब्रऱ्या आलटून पालटून लावण्याची सोय तिथे आधीपासूनच होती, म्हणजे सीमा आखलेली होती. रस्टएलएस त्या सीमेपलीकडे जाऊन बसलं. हायपरसाठी मात्र एचटीटीपीच्या मूळ कोडमध्येच जागोजागी फाटे फोडावे लागले होते.

टॉर या निनावी इंटरनेट जाळ्याच्या सॉफ्टवेअरचंही तसंच झालं. २०१७ च्या सुमारास त्यांनी सी मधल्या मूळ कोडचे भाग एकेक करून रस्टमध्ये न्यायला सुरुवात केली. पण कोडचे भाग एकमेकांत इतके गुंतलेले होते की एखादा सुटा करून काढणं जड गेलं. शेवटी त्यांनी आर्टी हा वेगळा प्रकल्प रस्टमध्ये नव्याने लिहायला घेतला, त्याची १.० आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली.

या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. डीकोडर हे झाडाचं पान आहे, खोड नाही. बाइट आत जातात, पिक्सेल बाहेर येतात, बाकीच्या लायब्ररीशी त्याचा फारसा संबंध नाही. शिवाय परक्याकडून आलेला, विश्वास ठेवता येणार नाही असा डेटा सगळ्यात आधी तिथेच पोचतो. दुसरी भाषा आणायचीच तर याहून चांगली जागा नाही. फायरफॉक्सनेही २०१६ मध्ये ४८ व्या आवृत्तीत रस्टचा पहिला तुकडा आणला तो एमपी४ फाइलींची माहिती वाचणारा पार्सर होता. सीएसएसचं अख्खं इंजिन रस्टमध्ये आलं ते त्यानंतर, ५७ व्या आवृत्तीत.

आता सांध्याबद्दल. "रस्ट आहे म्हणजे मेमरीचे दोष गेले" हे डीकोडरच्या पोटातल्या कोडला लागू आहे. दोन भाषा जिथे भेटतात तिथे सगळं अनसेफच (कंपायलर सुरक्षिततेची हमी देत नाही असं) असतं, आणि तिथले दोष ना सी जाणणाऱ्याला पटकन दिसतात, ना रस्ट जाणणाऱ्याला.

आमच्याकडे नेमकं असं झालं होतं. सी मधून एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि एक लांबी पलीकडे जायची, रस्टच्या बाजूला त्या दोघांची स्लाइस (पत्ता आणि लांबी एकत्र) बनवायची. डेटा रिकामा असेल तेव्हा सी कोड शिरस्त्याप्रमाणे नल (कुठेच न दाखवणारा) पॉइंटर आणि शून्य लांबी पाठवायचा. सी लिहिणाऱ्या कुणालाही यात काही वावगं वाटणार नाही. पण रस्टमध्ये कच्च्या पॉइंटरवरून स्लाइस बनवताना लांबी शून्य असली तरी पॉइंटर नल चालत नाही, हा त्या फंक्शनचा लेखी करार आहे. तो मोडला की वर्तन अनिश्चित, म्हणजे प्रोग्राम काहीही करू शकतो. चाचण्या पास होत होत्या, क्रॅश नव्हता, काहीच नव्हतं. कंपायलरने एखाद्या दिवशी "हा पॉइंटर नल असूच शकत नाही" हे गृहीत धरून पुढची तपासणी उडवली असती, की मग कळलं असतं. उपाय अगदी साधा: सांध्यावरच्या प्रत्येक फंक्शनमध्ये आधी नल तपासायचा आणि असेल तर रिकामी स्लाइस घ्यायची. हे काम एकाच मदतनीस फंक्शनमध्ये ठेवा, आणि बाकी कुठेही थेट स्लाइस बनवलेली दिसली तर पॅच परत पाठवा.

इनमचं (ठरावीक किमतींची यादी असलेल्या प्रकाराचं) तेच. सी मध्ये इनम म्हणजे शेवटी एक पूर्णांक, कुणी त्यात ४२ घातलं तरी चालून जातं. रस्टच्या इनममध्ये यादीबाहेरची किंमत नुसती येणं हेही अनिश्चित वर्तन आहे. म्हणून सांध्यावर पूर्णांकच घ्यायचा आणि आत आल्यावर तपासून इनम करायचा.

मेमरी ज्या बाजूने मागितली त्याच बाजूने सोडायची. रस्टने दिलेला बफर सी च्या फ्री या मेमरी सोडणाऱ्या फंक्शनला देऊ नये. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग असा की पिक्सेलसाठी बफर सी बाजूनेच मागायचा आणि रस्टने त्यात फक्त भरायचं. आधी "किती जागा लागेल" विचारणारं फंक्शन, मग "भर" सांगणारं.

राहिला पॅनिक. बिघडलेल्या फाइलमुळे रस्टमध्ये ॲरेची हद्द ओलांडली तर पॅनिक होतो, म्हणजे रस्ट काम तिथेच थांबवते. १.८१ आवृत्तीपासून असा पॅनिक सी च्या सीमेपर्यंत पोचला तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो (त्याआधी ते अनिश्चित वर्तन होतं). मेमरी बिघडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तुम्ही लायब्ररी आहात. तुमची लायब्ररी वापरणारा प्रोग्राम रात्रभर हजारो फाइली वाचत असेल आणि एका खराब फाइलपायी तो अख्खा मेला, तर वापरणारे तुम्हालाच धरतील. तेव्हा सांध्यावर पॅनिक पकडा आणि नेहमीचा एरर कोड परत द्या. त्यासाठी बिल्डमध्ये पॅनिकची सेटिंग "अबॉर्ट" (लगेच बंद) नसून "अनवाइंड" (एकेक फंक्शन सोडत मागे येणं) असायला हवी, नाहीतर पकडायला काही उरतच नाही. ती पुल रिक्वेस्ट उघडून ही एक गोष्ट आजच तपासा.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्या डीकोडरच्या जागी तो लगेच आणला नसता, नाकारलाही नसता. रस्टचा डीकोडर बिल्डच्या पर्यायामागे ठेवून, सी चा डीकोडर तसाच राहू देऊन, फझरला दोघांनाही एकच फाइल द्यायला लावली असती आणि उत्तरं पडताळली असती. यातून खूप काही बाहेर येतं. जुना सी कोड अर्धवट किंवा चुकीच्या फाइलीही कशाबशा वाचून द्यायचा, नवा कोड त्या नाकारतो, आणि कुणाचं तरी वर्षानुवर्षांचं काम त्या कशाबशा वाचण्यावरच उभं असतं. हे फरक रिलीजआधी कळलेले बरे. त्यांतले कुठले जपायचे आणि कुठले सोडायचे हा निर्णय मेंटेनरांचा आहे, पॅच लिहिणाऱ्याचा नाही.

तिसऱ्या मेंटेनरबद्दल मला मनापासून वाटतं की त्यांना जाऊ देऊ नका. लिनक्स कर्नलमध्ये रस्टचा पाया डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये आला, तरी खरं भांडण पेटलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणांनी थेट मेमरी वापरण्याचा) सी कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरने त्याच्यावरचं रस्टचं वेष्टन घ्यायला विरोध केला, वेष्टन वेगळ्या फोल्डरमध्ये असूनही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तेव्हा मांडलेली भूमिका मला रास्त वाटते: ज्याला रस्ट नको त्याच्यावर ती लादली जाणार नाही, आणि आपला कोड दुसरा कोणत्या भाषेतून वापरतो हे त्याने ठरवायचं नाही. याला जोडून तिथे व्यवहाराचा नियम आहे: सी मधला बदल रस्टचा भाग मोडत असेल, तर दुरुस्त करायची जबाबदारी रस्टवाल्यांची. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलच्या मेंटेनरांनी रस्टवरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला, तो इतक्या सगळ्या वादातून गेल्यावर. तुम्हीही असा नियम लेखी करा. "तुमचं काम आहे तसंच राहील, रस्टचा बिल्ड मोडला म्हणून तुमचा पॅच अडणार नाही" असं लिहून दिलेलं पाहिलं की माणूस थांबतो, निदान विचार तरी करतो.

पॅकेजवाली

वरच्या उत्तरात कोड आणि माणसं आली. मी एका डिस्ट्रोसाठी (डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचासाठी) पॅकेज बनवते, त्यामुळे तुमच्या रिलीजनंतर आमच्याकडे काय होतं ते सांगते.

पहिला प्रश्न कंपायलरच्या आवृत्तीचा. डेबियन १२ मध्ये रस्ट १.६३ आहे, डेबियन १३ मध्ये १.८५. तुमच्या योगदान देणाऱ्याने स्वतःच्या मशिनवरचा ताजा कंपायलर वापरून काल आलेलं एखादं वैशिष्ट्य घेतलं असेल, तर स्थिर डिस्ट्रोवर तुमची लायब्ररी बनणारच नाही. किमान आवृत्ती ठरवा, रीडमीत लिहा, आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) नेमक्या त्याच आवृत्तीवर बिल्ड चालवा. लिहून ठेवलेली पण न तपासलेली किमान आवृत्ती पहिल्याच महिन्यात खोटी ठरते. कर्नलमध्येही सुरुवातीला एकच ठरावीक आवृत्ती चालायची. ६.११ पासून १.७८ ही किमान पातळी धरली, तेव्हा डिस्ट्रोंना जरा श्वास घेता आला.

दुसरं, आमचे बिल्ड नेटवर्कशिवाय चालतात. कार्गो (रस्टचं बिल्ड साधन) ऐन वेळी क्रेट (रस्टची पॅकेजं) उतरवायला गेलं की बिल्ड तिथेच पडतो. म्हणून लॉक फाइल (क्रेटच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) रिपॉझिटरीत हवी आणि सगळ्या क्रेट रिलीजच्या गठ्ठ्यात घालायची सोय हवी. त्याहून चांगलं म्हणजे क्रेट कमीच ठेवा. तुमच्या डीकोडरला खरं तर एकही बाहेरची क्रेट लागायला नको. पुल रिक्वेस्टमधल्या अवलंबनांची यादी बघा, आणि एरर मेसेज सुबक दिसावेत एवढ्यासाठी आणलेल्या क्रेट काढून टाकायला सांगा. क्रेट स्टॅटिक जोडल्या जातात, म्हणजे बायनरीच्या आतच बसतात. त्यांतल्या एकीत सुरक्षेचा दोष निघाला की ती वापरणारं प्रत्येक पॅकेज आम्हाला पुन्हा बनवावं लागतं.

तिसरं, कमी वापरातली आर्किटेक्चर (प्रोसेसरचे प्रकार). फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजच्या ३.४ आवृत्तीने बिल्डसाठी रस्ट आवश्यक केली, तेव्हा अल्फा, एचपीपीए अशा आर्किटेक्चरवरच्या लोकांची वाट बंद झाली, कारण तिथे रस्टचा कंपायलरच नव्हता. शिवाय अल्पाइनसारख्या डिस्ट्रोवर तयार बायनरी उपलब्ध नसल्याने अनेकांचे नेहमीचे बिल्ड एका सकाळी अचानक पडले. त्यांचा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्य होता असंच माझं मत आहे. पण ज्यांचे बिल्ड पडले त्यांना आधी कळलं असतं तर अर्धा राग उद्भवलाच नसता. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने हे जास्त शांतपणे केलं: नोव्हेंबर २०२५ च्या २.५२ मध्ये रस्ट ऐच्छिक, त्यात एक अगदी छोटा भाग, आणि ३.० पासून ती अनिवार्य होणार हे आधीच जाहीर. ज्याला अडचण आहे त्याला ती सांगायला वेळ मिळतो.

एक चांगलं उदाहरणही देते. लिबआरएसव्हीजी ही एसव्हीजी चित्रांची लायब्ररी २०१६ पासून थोडी थोडी करून सी मधून रस्टमध्ये गेली. बाहेरचा सी एपीआय (इतर प्रोग्राम जी फंक्शन वापरतात ती) त्यांनी जपला, त्यामुळे ती वापरणाऱ्या प्रोग्रामना आपल्या कोडमध्ये काही बदलावं लागलं नाही. तुमचा एपीआय आणि एबीआय (तयार बायनरींमधला तोच करार) दोन्ही असेच राहिले, तर आमचं निम्मं काम वाचतं.

मॅलॉक_आणि_फ्री

मी विरोधी बाजू मांडतो. रस्टवर माझा राग नाही, रोजच्या कामात वापरतो. पण चौघांच्या प्रकल्पाला दुसऱ्या भाषेचा कायमचा खर्च झेपतो का, हा प्रश्न आधी यायला हवा, आणि तुमच्या दोषांवर दुसरे उपायही आहेत.

एक म्हणजे वफ्स. फाइल फॉरमॅट वाचण्यासाठीच बनवलेली ही छोटी भाषा आहे. ॲरेची हद्द आणि पूर्णांकांचं ओव्हरफ्लो ती कंपाइल करतानाच सिद्ध करायला लावते आणि त्यातून साधा सी कोड तयार होतो. क्रोममध्ये जीआयएफ वाचायला तिचा वापर झालेला आहे. तुमच्या वापरकर्त्यांना आणि डिस्ट्रोंना फक्त सी कंपायलर लागेल, वर पॅकेजवालींनी सांगितलेले जवळपास सगळे प्रश्न उरत नाहीत. शिकावी लागेल हे खरं, पण शिकायला रस्टही लागणारच आहे, आणि वफ्सचा आवाका बराच लहान आहे.

दुसरा उपाय म्हणजे जुना सी कोडच पिंजऱ्यात ठेवणं. फायरफॉक्सने डिसेंबर २०२१ च्या ९५ व्या आवृत्तीत आरएलबॉक्स हे तंत्र वापरून ग्राफाइट, हनस्पेल अशा सी आणि सी प्लस प्लसमधल्या लायब्रऱ्या वेगळ्या केल्या: कोड आधी वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्ये बंदिस्त चालणाऱ्या कोडच्या स्वरूपात) न्यायचा, तिथून पुन्हा सी मध्ये आणायचा, म्हणजे त्याला स्वतःच्या ठरावीक मेमरीपलीकडे हात घालता येत नाही. बफर ओलांडला तरी नुकसान पिंजऱ्यातच राहतं. वेग थोडा कमी होतो. पण डीकोडर नव्याने लिहावा लागत नाही, आणि चुकीच्या फाइली कशाबशा वाचण्याची जुनी सवयही टिकते.

आणि भाषा आणायचीच तर जीसीसी या कंपायलरने सी वरून सी प्लस प्लसकडे जाताना जी शिस्त पाळली ती बघा. निर्णय २०१० चा, जीसीसी बनवायला सी प्लस प्लस लागणं सुरू झालं ते २०१३ च्या ४.८ पासून. भाषेतलं काय वापरायचं आणि काय नाही याचे नियम आधी लिहिले गेले. त्यांना अर्थात सोपं होतं, जुना सी कोड थोड्याफार बदलाने नव्या कंपायलरखाली चालतो. तुम्हाला तशी सवलत नाही, म्हणून नियम जास्त कडक हवेत.

गिटचंच उदाहरण मी उलट्या बाजूने वाचतो. रिबेस, स्टॅश, बायसेक्ट हे आधी शेल स्क्रिप्ट होते, ॲडचा परस्परसंवादी भाग पर्लमध्ये होता. वर्षानुवर्षं खपून ते सगळं सी मध्ये आणलं, कारण एका कामासाठी अनेक प्रक्रिया सुरू करणं, विशेषतः विंडोजवर, फार हळू होतं. भाषा आत घेणं एका पुल रिक्वेस्टचं काम. बाहेर काढायला कित्येक माणसांची कित्येक वर्षं जातात.

हेडरफाइल

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

पुल रिक्वेस्ट उघडून पाहिली. पॅनिकची सेटिंग "अबॉर्ट" होती, बायनरी लहान व्हावी म्हणून ठेवलेली. नल पॉइंटरची तपासणी दोन फंक्शनमध्ये आहे, तिसऱ्यात नाही. बाहेरच्या क्रेट सात, त्यांतल्या पाच तरी काढता येतील असं लिहिणाऱ्याचंच म्हणणं आहे. तिसऱ्या मेंटेनरना लेखी नियमाचा मसुदा दाखवला. सी चा डीकोडर निदान पुढच्या दोन मोठ्या रिलीजपर्यंत राहणार असेल तर त्यांची हरकत नाही.

वफ्सबद्दल आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. पण हा फॉरमॅट त्यात बसेल का याची शंका आहे, कारण वाचताना फाइलमध्ये मागे-पुढे उड्या माराव्या लागतात आणि आतली कोष्टकं कितीही मोठी असू शकतात.

दोन प्रश्न उरलेत. एक, उद्या दुसरा डीकोडरही रस्टमध्ये आला तर प्रत्येकाची वेगळी स्टॅटिक लायब्ररी करायची का? दोन, दुसरा रस्ट जाणणारा तयार होईपर्यंत हे अडवून ठेवणं लिहिणाऱ्यावर अन्याय नाही का? त्याने मनापासून काम केलंय.

मॅलॉक_आणि_फ्री

वफ्सबद्दल तुमची शंका बरोबर आहे. ती स्वतः मेमरी मागत नाही, लागणारी जागा बाहेरून द्यावी लागते, आणि उड्या मारणाऱ्या फॉरमॅटना ते अवघड जातं. अशा फॉरमॅटसाठी मीही रस्टच घेतली असती. सी चा डीकोडर दोन रिलीज राहणार असेल तर माझा आक्षेप बराचसा संपतो. तोवर त्याला पिंजऱ्यात घालता आलं तर जरूर पाहा.

पॅचवाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वेगळ्या लायब्रऱ्या करू नका. प्रत्येक स्टॅटिक लायब्ररी रस्टची प्रमाणित लायब्ररी स्वतःबरोबर घेऊन येते, आणि अशा दोन एकाच बायनरीत जोडल्या की तीच सिंबॉल (फंक्शनांची नावं) दोनदा आल्याची तक्रार लिंकर (तुकडे जोडणारा प्रोग्राम) करू शकतो. एकच छत्री क्रेट ठेवा, तिच्या पोटात प्रत्येक डीकोडर वेगळं मॉड्यूल, आणि सी ला दिसणारी फंक्शन सगळी एकाच फाइलमध्ये. ती फाइल बदलणाऱ्या पॅचला दोघांची मंजुरी लागेल असा नियम करा, त्यांतला एक सी चा जाणकार असायलाच हवा. सी साठीचं हेडर सीबाइंडजेन या साधनाने रस्टच्या कोडवरून तयार करून रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे रस्ट न येणाऱ्यालाही सांधा बदलला की लगेच दिसतो.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. अडवू नका. बिल्डच्या पर्यायामागे, मुळात बंद अशा स्थितीत आत्ताच मर्ज करा. मुख्य शाखेत असला की सीआय त्याला रोज चालवतं, फझर रोज पडताळतो, आणि शिकायला तयार असलेल्या तुमच्या सहकाऱ्याला खऱ्या पॅचवर शिकायला मिळतं. रिव्ह्यू आधी त्यांनी करायचा, जाणकाराने नंतर. मुळात चालू करायची अट मात्र आज लिहून ठेवा: रस्टच्या भागाला दोन मेंटेनर असतील, आणि पडताळणीत निघालेल्या प्रत्येक फरकावर निर्णय झालेला असेल. ठरलेल्या रिलीजपर्यंत हे झालं नाही, तर तो पर्याय काढला जाईल हेही त्याच फाइलमध्ये, लिहिणाऱ्याशी बोलून. कर्लने हायपर काढलं तेव्हा ते नीट निघालं, कारण ते मुळात प्रायोगिक म्हणून आलं होतं.

तुम्हाला एक गोष्ट उत्साह देईल म्हणून सांगतो. अँड्रॉइडमध्ये मेमरीशी संबंधित सुरक्षा दोषांचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना सी आणि सी प्लस प्लसचा कोड सरसकट पुन्हा न लिहिता. त्यांनी नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली, आणि जुन्यातले दोष हळूहळू सापडत, दुरुस्त होत गेले. म्हणजे तुमच्या बाकीच्या डीकोडरांच्या मागे लागायचं कारण नाही. यापुढे जो नवा फॉरमॅट येईल तो रस्टमध्ये घ्यायचा का, एवढंच वर्षभराने ठरवा.

पॅकेजवाली

पर्याय मुळात बंद ठेवणार असाल तर डिस्ट्रोंना त्याचं नाव रिलीजच्या टिपणीत ठळकपणे कळवा, आणि तो चालू करून बनवलेली लायब्ररी स्वतःच्या आवृत्तीच्या माहितीत तसं सांगेल असं करा. दोष नोंदवणाऱ्याच्या मशिनवर नेमका कोणता डीकोडर चालला, हे पहिल्याच ओळीत कळायला हवं. आमच्याकडे चाचणी शाखेत मी तो चालू करून बघायला तयार आहे, पहिला रिलीज कॅंडिडेट आला की इथेच कळवा.